‘शिकवायला सर नाहीत’ या रिव्ह्यूला ज्युदो क्लबतर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू आमच्या एका पालकांनी मला दाखवला. तुम्हाला आणि चिरंजीवांना आमच्याकडे मनस्ताप झाला, त्याबद्दल क्षमस्व. मुलगा गुणी आहे. तो यायचा थांबला याचं आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं.

तुमच्या तक्रारी चार आहेत. बोर्डावर नाव सरांचं, पण शिकवते कॉलेजातली पोरगी. दोन महिने मुलाला नुसतं पडायला लावलं, एक डाव शिकवला नाही. दहा मिनिटं उशीर झाला तर कडेला बसवलं. आणि वर फी वाढवली. शेवटच्या तिन्हींबद्दल सांगतोच, पण पहिलीबद्दल मला सविस्तर बोलावं लागेल. तुमचा रिव्ह्यू त्या मुलीनेही वाचला. दुसऱ्या दिवशी ती आली, पट्टा बांधला, छोट्यांचा तास नेहमीसारखा घेतला आणि सगळे गेल्यावर मला म्हणाली, “सर, पालकांना नको असेल तर मी ही बॅच सोडते.” माझ्या क्लबबद्दल कुणी काय लिहावं यावर माझा हक्क नाही. पण जिने तुमच्या मुलाला एक ओरखडा येऊ दिला नाही, तिच्यावर असं विचारायची पाळी यावी, हे मला फार लागलं.

साहेब, ती ब्लॅक बेल्ट आहे. प्राथमिक शाळेत असताना दांडिया बाजारातून आजोबांचा हात धरून आली होती. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, ब्राऊन असे सगळे पट्टे तिने एकेक करून मिळवले. ब्लॅक बेल्ट काही मी घरी बसून देत नाही. परीक्षकांसमोर डाव, जमिनीवरच्या पकडी आणि काता, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींचा क्रम, दाखवावा लागतो. पहिल्या राज्य स्पर्धेत तिला आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या एका मुलीने क्षणात पाठीवर टाकलं होतं. गीर सोमनाथकडच्या जांबूर गावातली सिद्दी मुलं-मुली ज्युदोत किती तयारीची असतात, हे गुजरातेतल्या प्रत्येक खेळाडूला ठाऊक आहे. ती उठली, वाकून नमस्कार केला आणि परत आल्यावर मला सांगितलं की तो डाव मला आधी अंगावर घ्यायला शिकवा, मग करायला शिकवा. शिकवणाऱ्यात मला हेच लागतं. आज ती सयाजीराव विद्यापीठात शिकते, संध्याकाळी आमच्याकडे शिकवते, आणि आम्ही देतो ते मानधन इतकं थोडं आहे की त्याचा आकडा इथे लिहायला मला संकोच वाटतो.

वयाचं म्हणाल, तर ज्युदो ज्यांनी उभा केला त्या जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोक्योतल्या एका देवळात बारा चटयांवर कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा ते 21 वर्षांचे होते. आणि बाईने शिकवण्याबद्दल म्हणाल, तर कानोंच्याच शिष्या केइको फुकुदा यांचं उदाहरण आहे. त्या बाई असल्यामुळे कित्येक वर्षं पाचव्या दानवर (दान म्हणजे ब्लॅक बेल्टमधली पायरी) थांबवल्या गेल्या. अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा दान दिला तो 2011 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी, आणि त्या तेव्हाही शिकवत होत्या. तुमच्या मनात तसं काही नसेलही. पण आमच्या क्लबात शिकणाऱ्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी तुमचं ते वाक्य वाचलंय, म्हणून हे इथेच, सगळ्यांसमोर सांगतोय.

आता माझ्याबद्दल. मी मॅटच्या कोपऱ्यात उभा असतो हे खरं आहे. पण मी तिथे रिकामा उभा नसतो. आपण बडोद्याची माणसं, प्रोफेसर माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावातली. तालमीत कसं चालतं हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेलं असेल. वस्ताद हौद्याच्या कडेला असतो आणि नव्या पोरांना जुने पठ्ठे तयार करतात. ज्युदोतही तसंच आहे. नव्या मुलाच्या समोर त्याच्याहून थोडा मोठा, थोडा जास्त शिकलेला जोडीदार लागतो. माझ्या वजनाच्या माणसाने तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला धरून काय शिकवायचं? त्याला माझी पकड कळणार नाही आणि मला त्याची भीती कळणार नाही. मी कडेला उभा राहिलो की सगळ्या जोड्या एकदम दिसतात. कोण मान सैल सोडतोय, कोण चिडून खेचतोय, कोणाचा पाय जोडीदाराच्या गुडघ्यावर पडेल, हे दोन जोड्यांच्या मध्ये गुंतलेल्या माणसाला दिसत नाही.

आणि शिकवणारी ती एकटी नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक दादा आहेत. नोकरी त्यांना ज्युदोवरच लागली होती. ते मोठ्या मुलांची रांदोरी, म्हणजे मोकळ्या लढतीचा सराव, घेतात आणि एक पैसा घेत नाहीत. बँकेत काम करणारा एक ब्राऊन बेल्ट शनिवारी उचिकोमी, म्हणजे डावात शिरायचा पुन्हा पुन्हा सराव, करून घेतो. एका विद्यार्थिनीची आई स्वतः तिशीनंतर मॅटवर उतरली, आता ती पाच-सहा वर्षांच्या पोरांना सांभाळते. ही सगळी माणसं पोटाचा उद्योग संपवून येतात. आल्यावर आधी मॅट पुसतात, मग कपडे बदलतात. ‘शिकवायला कोणी नाही’ असं वाचल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा.

पडण्याबद्दल. आम्ही त्याला उकेमी म्हणतो, आणि इथे मी एक दिवससुद्धा कमी करणार नाही. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात शरीरापासून थोडा लांब, कोपरापासून तळव्यापर्यंत सगळा एकदम मॅटवर. हे सांगायला सोपं आहे. पण मागे पडताना आपला प्रत्येकाचा हात आपोआप मागे टेकायला जातो, आणि मनगट किंवा कोपर मोडतं ते तिथेच. तुमचा मुलगाही तेच करत होता. जपानसारख्या देशात, जिथे ज्युदो शाळेत शिकवतात, तिथे 1983 नंतरच्या तीसेक वर्षांत शाळांच्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यातली बरीच डोक्याला मार लागून गेली, आणि त्यांच्यात नवशिकी मुलं पुष्कळ होती. ओसोतो-गारीसारख्या, सरळ पाठीवर टाकणाऱ्या डावाचं नाव त्यात पुन्हा पुन्हा येतं. मग ज्याचा हात अजून मागे जातोय त्या मुलाला मी डावात कसा उतरवू? त्याचं अंग दुखायचं असं तुम्ही लिहिलंय. पहिले काही आठवडे दुखतं, आणि ते आधी सांगायची आमची पद्धत आहे. छोट्यांना शिकवणारी ती मुलगी, म्हणजे आमची ताई, तिच्या वहीत प्रत्येक मुलाचं पान आहे. तुमच्या मुलाच्या पानावर शेवटच्या आठवड्यात लिहिलंय की हात मागे जायचा थांबला, सोमवारी ओ-गोशी (कमरेवरून टाकायचा डाव) सुरू करायची. त्याच सोमवारपासून तो आला नाही.

उशिराचं म्हणाल, तर तो नवरात्रातला दिवस होता. गरब्याची गर्दी सुरू व्हायच्या आत मुलं घरी पोचावीत म्हणून त्या नऊ दिवसांत साडेपाचचा तास आम्ही पाचला घेतो. तसा निरोप ग्रुपवर टाकला होता. तुम्ही आलात पाच चाळीसला. तुमच्या हिशेबाने दहा मिनिटं, पण तासाची चाळीस मिनिटं होऊन गेली होती. अंग गरम झालेलं नाही, उकेमी झालेली नाही, अशा मुलाला थेट जोडीत सोडणारा शिक्षक तुम्हाला चालला असता का? त्याला कडेला बसून बघायला सांगितलं ती शिक्षा नव्हती. जपानी शिकवणीत बसून बघण्यालाही सरावच मानतात. इथून पुढे वेळ बदलली की ग्रुपशिवाय फोनही करू.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार केला. लिहितो, कारण तुम्ही आमचं सगळं उघड्यावर मांडलंत. एकदा तुम्ही कडेला उभं राहून “उचल, आपट त्याला” असं मोठ्याने सांगत होतात. समोरचा मुलगा तुमच्या मुलाहून लहान होता. ताईने दोनदा हात जोडून विनंती केली. तिसऱ्यांदा तुम्ही चपला घालून मॅटवर आलात. ज्या मॅटवर मुलं गाल टेकवून झोपतात तिथे बाहेरची चप्पल आम्ही मंत्र्यांनाही घालू देत नाही. अखिल जपान ज्युदो महासंघाने 2022 मध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्यासाठी मुलांची वजनं उतरवली जात होती आणि पालक कडेवरून ओरडत होते, पंचांना बोलत होते. तुमच्या मुलाचं लक्ष त्या दिवशी जोडीदारावर नव्हतं, तुमच्याकडे होतं. हे मी तुम्हाला कमी लेखायला सांगत नाही, तो तुम्हाला किती मानतो ते मी पाहिलंय.

फी. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा आमच्या हॉलमध्येही आलं. ज्युदोची मॅट एक मीटर रुंद, दोन मीटर लांब, चार सेंटीमीटर जाड असते. आतला फोम एकदा त्या पाण्याने भिजला की कितीही उन्हात टाका, वास जात नाही, मुलांच्या कातडीला त्रास होतो. बऱ्याच मॅट टाकून द्याव्या लागल्या. वर्षभर आम्ही उरलेल्या मॅटवर भागवलं, मग उसने पैसे घेऊन नव्या आणल्या. हॉलचं भाडं पुरातही थांबलं नाही. फी वाढवली ती त्यासाठी. माझ्या घरात त्यातला पैसा जात नाही, उलट जूनमध्ये प्रवेश कमी झाले तर हॉल ठेवायचा की सोडायचा हा प्रश्न माझ्यापुढे असतो. तुमचा रिव्ह्यू वाचून चौकशीला आलेल्या एका ताईंनी नाव घालायचं थांबवलं. म्हणून एवढं लांब लिहिलं, राग मानू नका.

काही सूचना आम्ही घेतल्या आहेत. कोणत्या वारी कोण शिकवतं, कोणाचा कोणता पट्टा आहे, हे दाराजवळ लावतो. पहिल्या महिन्यांत काय शिकवतात हे पालकांना आधी नीट सांगायची काहीतरी सोय करू. पालकांना बसायला खुर्च्याही बघतोय.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. माझ्यावर, फीवर, वेळेवर काय लिहायचं ते राहू द्या. फक्त ताईबद्दलचं वाक्य तेवढं बदललंत तर मी आभारी राहीन. तुमच्या भरलेल्या फीतला महिना बाकी आहे. मुलाला यायचं असेल तर सोमवार ते शुक्रवार साडेपाचची बॅच आहे, ताईच घेते, त्याचं ओ-गोशीचं राहिलंय. यायचं नसेल तर संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ मी हॉलवर असतो, पावती आणा, पैसे परत देतो.

संचालक व मुख्य प्रशिक्षक,
ज्युदो क्लब, बडोदा