कृपा म्हणजे पापाचा परवाना नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सारखा फिरतो आहे : ‘ख्रिस्ती लोकांचं तारण फुकटात. वाटेल ते पाप करा, रविवारी क्षमा मागा, सोमवारी पुन्हा सुरू. चांगलं वागायची गरजच काय? आणि असा देव न्यायी कसा?’

तारण म्हणजे पापापासून सुटका; ती लायकी नसताना देव देतो, तीच कृपा. आधी ‘फुकट’बद्दल. सावकार कर्ज माफ करतो तेव्हा ते पैसे हवेत विरत नाहीत, त्याच्याच पदरचे जातात. आपलं देणं प्रभू येशूने वधस्तंभावर प्राण देऊन फेडलं. न्यायाचं उत्तरही त्यातच आहे. देवाने पापाकडे काणाडोळा केला नाही, शिक्षा स्वतःवर घेतली.

‘वाटेल ते पाप करा’ हा आक्षेप तर येशूचा प्रेषित पौल याच्या काळचा. बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 6व्या अध्यायात तो स्वतःच हा प्रश्न काढतो आणि ठाम ‘नाही’ म्हणतो. पण मला जास्त पटतो तो बायबलमधलाच जक्कय. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांच्या लेखी पापी. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि सांगतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. आधी पैसे परत कर, असं म्हणत नाही. मग जक्कय आपणहून उभा राहतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. हा क्रम बघा. आधी कृपा, मग चौपट. भीतीने त्याने एक दमडीही सोडली नव्हती.

कृपेवर विसंबणारी माणसं हातावर हात ठेवून बसतात का? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883चा. तेव्हा धर्म सापडला, ख्रिस्त स्वतः मात्र काही वर्षांनी भेटला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. त्यानंतर 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. हे तारण मिळवायला नव्हतं, ते मिळालेलंच होतं.

ढोंगी ख्रिस्ती आहेत, हे मी नाकारत नाही. आमच्यातल्या प्रत्येकाने त्याची लाज बाळगावी. पण कृपेला गृहीत धरणं वेगळं, कृपा स्वीकारणं वेगळं.

आणि माझ्या पुण्याईने मी तरलो असतो, तर गौरवात माझाही वाटा असता. येशूने सांगितलेल्या एका गोष्टीत मंदिरात मान खाली घालून ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणणाऱ्या जकातदाराकडे वाटा मागण्याजोगं काहीच नव्हतं. नीतिमान ठरून घरी गेला तो तोच.