फक्त लोकल लेखकांसाठी

गणपती झाले की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तोच वाद उकरून निघतो. २०२२ ला पुरुषोत्तम करंडकच्या, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, परीक्षकांनी त्या लायकीची एकांकिकाच नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता, ते बरोबर की चूक. यंदा पण निघाला. आणि ज्यांनी दहा वर्षांत तिकीट काढून एक प्रयोग बघितला नाहीये तेच सगळ्यात जोरात, "बरोबरच केलं, दर्जा नको का, हल्लीच्या पोरांना लिहिता येत नाही." अरे पण तुम्ही बघितलीत का एक तरी? मी तरी कुठे बघितलीये म्हणा, मी ग्लासगोत.

परवा इथे एका पबच्या वरच्या खोलीत इथल्याच नव्या लेखकांची चार छोटी नाटकं होती. पंधरा-पंधरा मिनिटांची, दोन खुर्च्या, नटांच्या हातात चक्क स्क्रिप्ट. पहिलं कचऱ्याच्या निळ्या बिनवरून भांडणाऱ्या शेजाऱ्यांचं, धमाल. दुसरं इतकं वाईट की भरतला (पुरुषोत्तम जिथे होते ते पुण्याचं भरत नाट्य मंदिर) त्याचं काय झालं असतं विचारू नका. पण इथे टाळ्या पडल्या, मध्यंतरात कुणीतरी लेखिकेला हाफ पाइंट पाजला, पुढचं काय लिहितेयस विचारलं, संपलं. लायकी ठरवायला कुणी बसलेलंच नव्हतं. इथल्या ऑरन मोर नावाच्या पबमध्ये तर २००४ पासून सीझनमध्ये दर आठवड्याला नवं नाटक, दुपारी एकला, तिकिटातच पाय आणि पाइंट (पाय खायचा), त्यातली काही फसतातच की, पण पुढच्या सोमवारी दुसरं उभं असतं. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. वर हे पण, की इथे नाटकांची सेन्सॉरशिप १९६८ लाच गेली आणि आपण अजून संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवतोय. त्याचा करंडकाशी काही संबंध नाही हे मलाही कळतं, पण डोकं फिरलं होतं.

"मग ये की परत आणि लिही," एका मैत्रिणीने लिहिलं. त्यावर पाच जणांचे अंगठे.

खरं सांगू का, त्या दुसऱ्या नाटकाच्या टाळ्या ऐकताना मला फार एकटं वाटलं. कुणालाच राग आला नाही! भरतला पडदा उघडायच्या आधी 'आव्वाज कुणाचा'ने कान बसायचे. आम्ही अख्खा पावसाळा एका गळक्या वर्गात तालमीत काढला होता, आणि प्राथमिकलाच बाद झालो (बरोबरच झालो) तेव्हा लेखक, म्हणजे मीच, दोन दिवस जेवलो नव्हतो. इतकं मनाला लावून घेणारं इथे कुणी दिसलं नाही. किंवा असतीलही, मला कळत नसेल, चौदा वर्षं झाली तरी इथले अर्धे विनोद बाकीचे हसल्यावर कळतात.

निघताना दारात पत्रकं वाटत होते. पुढच्या वेळेसाठी स्क्रिप्ट पाठवा, दहा पानं, फक्त लोकल लेखक. त्या मुलीला विचारलं, मी चालेन का? तिने पोस्टकोड विचारला. सांगितला तर म्हणाली, अगदीच लोकल की, माझी आजी तिथेच राहते.

शेवटच्या ट्रेनमध्ये फोनवरच लिहायला घेतलं. दोन भाऊ, पुण्यातल्या फ्लॅटच्या रीडेव्हलपमेंटची सही. मराठीतच येतंय सगळं, ते इथले नट कसं म्हणणार देव जाणे. तिसऱ्याच संवादात थोरला म्हणतो, "तुझं काय जातंय बोलायला, तू तिकडे." त्यावर धाकटा काय म्हणेल ते अजून सुचलेलं नाही, आणि स्क्रिप्ट शुक्रवारपर्यंत द्यायचीये.