फास्टॅग मोजले की झालं? नाही झालं!

परवा सिन्नरच्या मावशीकडून एक मेसेज आला. "नाशिक-पुणे प्रवासाच्या सर्वेक्षणावर पैसा कशाला उधळायचा? शिंदे टोलनाक्यावरचे फास्टॅग मोजा, स्टँडवरच्या एसट्या मोजा, मागणी कळली. जो जात नाही त्याला गरज नाही. प्रवासी किती होतील ते सांगणारी गणिती मॉडेलं नेहमी चुकतात. नियोजन करायचंच तर कुंभाच्या गर्दीवर करा." खाली मावशीने लिहिलं होतं, "पटतंय गं हे." आठवडाभरात हा मेसेज मला चौथ्यांदा आला होता, पण मावशीलाही तो पटावा याचा फार राग आला.

आधी शिंदे नाका, नाशिक आणि सिन्नरच्या मधला. फास्टॅग गाडीला असतो, माणसाला नाही. आत एकटा ड्रायव्हर आहे की लग्नाला निघालेली सहा माणसं, ते त्याला कळत नाही. नाशिकहून रोज सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत कामाला जाणारा आणि धुळ्याहून पुण्याला निघालेला, दोघांची नोंद एकसारखीच. आणि सिन्नरहून पुण्याला जाणारा माणूस शिंद्याला येतच नाही, नाका त्याच्या मागे राहतो! राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७२व्या फेरीत (२०१४-१५) मुक्कामी प्रवासाबद्दल घरोघरी विचारलं, तेव्हा सर्वाधिक प्रवास नातेवाईक, लग्नकार्य अशा सामाजिक कारणांचे निघाले. हे टोलच्या पावतीवर कुठे असतं?

आता सगळ्यात घातक वाक्य: "जो जात नाही त्याला गरज नाही." मावशीला दर तीन महिन्यांनी पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं असतं. नाशिकहून येणारी बस सिन्नरला भरलेलीच असते, गुडघे धरलेत, उभं राहवत नाही. मी फोन करून विचारलं, वर्षभरात किती वेळा गेलीस? "एकदाच." आणि जायचं किती वेळा होतं? जरा थांबून म्हणाली, "चारदा. शिवाय नातवाचं बारसं." म्हणजे चार फेऱ्या कुठल्याच मोजणीत नाहीत. मेसेजच्या हिशेबाने मावशीला त्यांची गरजच नव्हती.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्यानंतर बायकांची गर्दी वाढली, हे नाशिकच्या ठक्कर बाजार स्टँडवर उभं राहून कुणीही पाहिलंय. त्या बायकांना १६ मार्चला कुठे जायचं नव्हतं? नाशिकहून पुण्याला थेट लोहमार्ग नाही. कल्याणचा नाहीतर मनमाड-दौंडचा वळसा घ्यावा लागतो. जो मार्ग अजून झालाच नाही, त्यावरचे प्रवासी आज मोजून कसे सापडतील? म्हणून लोकांना विचारावं लागतं: कुठे गेलात, कशासाठी, किती जण, आणि इतक्या वेळात, इतक्या तिकिटात गाडी मिळाली तर काय कराल? तेही एका दिवसाचं विचारून भागत नाही. लांबचा प्रवास घरटी वर्षातून मोजके वेळा होतो. कालचं विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर "कुठेच नाही" असंच येणार.

मॉडेलं चुकतात, हे मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली. कामावर जाण्याच्या फेऱ्यांपैकी १५ टक्के तिच्याकडे येतील, असा सरकारी अंदाज होता. प्रत्यक्षात आल्या ६.२ टक्के. इतकी मोठी चूक! पण त्याच वेळी अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी माणसं वेळ, पैसा, चालणं यांचा विचार करून वाहन कसं निवडतात याचं मॉडेल बांधून ६.३ टक्के सांगितले होते. या निवडीच्या सिद्धांतावरच्या कामासाठी त्यांना २०००चं नोबेल मिळालं. तो शहरातला रोजचा प्रवास होता, लांबचा अंदाज याहून अवघड, हेही खरं. पण मग आणखी नीट विचारायचं, की विचारणंच बंद करायचं?

कुंभाचं एवढंच: २०१५ नंतर आता २०२७. त्या गर्दीची तयारी वेगळी करावीच लागते. पण मावशीची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि बस तीच आहे.