‘चोहीकडे’ आणि ‘डोहाकडे’

नमस्कार सर,

एकाच कवीच्या दोन कवितांची तुलना करणारा निबंध कसा बांधावा, यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की निबंध साच्यात बसवला की मुलं कविता वाचायचंच सोडतात. त्यापेक्षा आधी एकीचं रसग्रहण, मग दुसरीचं, शेवटी साम्य-भेद, ही जुनी पद्धत बरी.

पहिलं मला मान्य आहे. ‘आशय, भाषा, प्रतिमा’ असे मथळे मी दिले, ते चुकलंच. मथळे दिसले की मुलं रकाने भरतात. ते मी काढून टाकते.

दुसरं मात्र पटत नाही. बालकवींची ‘श्रावणमास’ आणि ‘औदुंबर’ घ्या. तुम्ही म्हणता तसे निबंध मी वर्षानुवर्षं तपासते आहे. सुरुवातीला धरणगाव, १८९० चा जन्म, १९०७ चं जळगावचं कविसंमेलन. मग पानभर श्रावण, पानभर औदुंबर, आणि शेवटी ‘दोन्हींत निसर्ग आहे, पण एक आनंदी व दुसरी उदास आहे.’ तुलना जिथे सुरू व्हायची, तिथेच निबंध संपतो.

आता दोनच ओळी शेजारी ठेवा. ‘हिरवळ दाटे चोहिकडे’ आणि ‘हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे’. हिरवा रंग तोच. पहिलीत तो सगळीकडे पसरतो, नजर वाटेल तिकडे फिरते. दुसरीत त्याच हिरव्यातून पांढरी पायवाट निघते आणि एकाच जागी नेऊन सोडते.

मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा एका मुलीने विचारलं, “बाई, चार घरांचं गाव आहे ना? मग माणसं कुठे गेली?” केवढा नेमका प्रश्न! ‘श्रावणमास’मध्ये गुराखी पावा वाजवतो, मुली फुलं-पत्री खुडतात, बायका देवदर्शनाला निघतात, कविता संपते तीही त्यांच्या चेहऱ्यांवर. ‘औदुंबर’मध्ये घरं आहेत, मळे आहेत, वाट आहे, पण वाटेवर कुणी नाही. माणसासारखं पाण्यात पाय टाकून बसलंय ते एक झाड. शिवाय ‘हर्ष’ हा शब्द श्रावणाच्या पहिल्याच ओळीत आहे. औदुंबराच्या आठ ओळींत दुःखाचा एकही शब्द नाही, काळिमासुद्धा ‘गोड’ आहे. मग ती उदास ठरवली कशावरून? (बालकवी ज्यात गेले तो १९१८ चा भादलीचा रेल्वे अपघात काही मुलं त्या डोहात शोधतात. कवितेत तो नाही, हे त्यांना सांगावंच लागतं.)

त्या मुलीने निबंधाची सुरुवातच आपल्या प्रश्नाने केली. पुढे प्रत्येक परिच्छेदात तिला दोन्ही कविता लागल्या. आधी रंग, रंगातून वाट, वाटेवरून माणसं. हा क्रम तिला मी दिला नव्हता. आणि कवी एकच असल्यामुळे ‘कवी निराळे म्हणून कविता निराळ्या’ ही पळवाटही तिला नव्हती.

सातवी-आठवीच्या मुलांना परीक्षेच्या वेळात दोन्ही कविता एकदम सांभाळणं जड जातं, हे तुमचं बरोबर आहे. त्यांनी खुशाल एकीनंतर दुसरी लिहावी. फक्त दुसरीबद्दल लिहिताना दर दोन-तीन वाक्यांनी पहिलीकडे वळून पाहायला सांगा.

उद्या वर्गात या दोन ओळी लिहून पाहाल का? मुलं काय विचारतात ते मला जरूर कळवा.