किट घालूनही आम्हाला कोविड झाला, तो कुठे?

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच फॉरवर्ड आला. म्हणणं असं: पीपीई किट घातलेल्या डॉक्टर-नर्सनाच कोविड झाला, म्हणजे मास्क-ग्लोव्हज हा सगळा देखावा, व्हायरस मास्कच्या छिद्राहून बारीक असतो, ग्लोव्हज घातले की हात धुवायला नकोत, खरं काम करते ती फवारणी. खाली अंगठ्यांची रांग. त्या काळात मी नाशिकमधल्याच एका रुग्णालयात कोविड वॉर्डला स्टाफ नर्स होते, तेव्हा गप्प बसवलं नाही.

आम्हाला लागण झाली, हे शंभर टक्के खरं. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडनं गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण लागण कशी झाली, हे फॉरवर्डवाल्यानं कुणाला विचारलेलं दिसत नाही.

किट घालणं सोपं, धोका काढताना. सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. घामानं बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, चष्म्यावर वाफ, नाकाच्या हाडावर मास्कचा वळ. कधी एकदा हे सगळं ओरबाडून फेकते असं होतं, आणि नेमकं तेव्हाच सावकाश वागायचं असतं. गाऊन बाहेरची बाजू आत गुंडाळत उतरवायचा, गॉगल मागच्या पट्ट्याला धरून काढायचा, मास्क सगळ्यांत शेवटी, तोही पुढून हात न लावता. मधे मधे हात स्वच्छ करायचे ते वेगळंच. आमच्याकडे डॉफिंगच्या, म्हणजे किट उतरवायच्या खोलीत समोर एकजण नुसती बघायला उभी असायची. हात चुकून कपाळाकडे गेला की ओरडायची, "सिस्टर, हात!" तेव्हा राग यायचा.

आणि चहा! दहा बाय दहाची खोली, खिडकी बंद, सहाजणी मास्क हनुवटीवर ओढून एकमेकींच्या डब्यातलं खाताहेत. वॉर्डात पेशंटजवळ आम्ही जेवढ्या सावध असायचो, त्याच्या निम्म्यानंही त्या खोलीत नसायचो. सगळे आपलेच ना! आमच्या पाळीतल्या तिघी एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आल्या. सिद्ध करता येणार नाही, पण माझा संशय त्या चहाच्या खोलीवरच आहे. तिथे किट अंगावर नव्हतंच, मग किट फसलं असं कसं म्हणायचं?

आता छिद्राचं. मास्क म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. एन-९५ मध्ये धाग्यांचं दाट जाळं असतं आणि धाग्यांवर विद्युतभार असतो. त्याची परीक्षा घेतात ती ०.३ मायक्रॉनच्या कणांवर, कारण साधारण त्याच आकाराचे कण पकडायला सगळ्यांत अवघड. त्याहून बारीक कण सरळ जातच नाहीत. हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि धाग्याला चिकटतात. शिवाय व्हायरस सुटा उडत नाही, श्वासातून उडणाऱ्या थेंबांत असतो. मास्क हरतो तो गालापाशी. दाढी असली, क्लिप नाकावर नीट दाबली नाही, की हवा कडेनं आत. तेव्हा एकच मास्क कागदी पिशवीत ठेवून दिवसाआड वापरलाय आम्ही. पट्ट्या सैल पडायच्या, त्याचं काय ते बोला.

ग्लोव्हजच्या मुद्द्यावर मात्र हात जोडले. त्याच ग्लोव्हजनी सलाईन, तोच हात दाराच्या कडीला, तोच फोनला, मग पुढच्या पेशंटच्या कॅथेटरला. अशानं ग्लोव्हज वॉर्डभर जंतू वाटत फिरतात. त्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि काढतानाही हात माखतात, म्हणून काढल्यावर हात धुवायचेच. अल्कोहोल रब २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६०. व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. त्याचंही तेव्हा कित्येकांनी ऐकलं नव्हतं.

फवारणी. माणसांवर हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण, मारू नका, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. त्यानं डोळे आणि कातडी चुरचुरते, शरीरात शिरलेल्या व्हायरसला काही होत नाही. फरशीवरही घाण तशीच ठेवून फवारलं तर क्लोरीनचा जोर त्या घाणीतच संपतो. आधी पुसायचं, मग १ टक्का द्रावण लावून थोडा वेळ ओलं राहू द्यायचं. हे काम आमच्या वॉर्डात मावशी करायच्या, रोज द्रावण नव्यानं कालवून.

फॉरवर्डमध्ये "डॉक्टर-नर्स" आहेत, मावशी नाहीत. पेशंटच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या बांधून उचलायच्या त्याच, आणि पहिल्या महिन्यात आमच्याकडे किट सगळ्यांत शेवटी पोचलं तेही त्यांच्यापर्यंतच.