मंदिरातले गवई "हौशी" होते म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यापासून एक मेसेज फिरतोय, माझ्याकडेच तीन ग्रुपवरून येऊन पडला. म्हणणं असं की यरुशलेमच्या मंदिरात खरी उपासना म्हणजे फक्त यज्ञ, गाणं-वाजवणं ही दावीद राजाची हौस, देवाने ते सांगितलंच नव्हतं, गाणारे मनात येईल तसं गायचे, ना प्रॅक्टिस ना पगार, आणि आमोस संदेष्ट्याने तर ते बंदच करायला सांगितलं. सगळ्यात खाली अर्थातच, म्हणून चर्चने क्वायरवर पैसे घालवू नयेत. मी स्वतः क्वायरमध्ये पेटी वाजवतो, त्यामुळे मी तटस्थ आहे असा दावा नाही, पण बायबल तरी उघडून बघायचं ना राव.

"मोशेच्या नियमशास्त्रात वाद्यच नाही." बायबलमधल्या गणना पुस्तकाचा १० वा अध्याय वाचा. चांदीचे दोन कर्णे, घडीव कामाचे, सणांना आणि होमार्पणांच्या (वेदीवर पूर्ण जाळायच्या यज्ञांच्या) वेळी याजकांनी फुंकायचे. वीणा, झांजा, लेवी (मंदिरसेवेसाठी नेमलेल्या वंशातले) गवई हे तिथे नाही, तेवढं मान्य, ती व्यवस्था दाविदाच्या नावावर आहे. पण बायबलच्याच २ इतिहास या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायात हिज्कीया राजा मंदिर पुन्हा सुरू करतो तेव्हा गवयांना झांजा-वीणा देऊन उभं करतो आणि तिथे सरळ लिहिलंय की दावीद आणि गाद व नाथान हे संदेष्टे यांनी हे ठरवलं खरं पण आज्ञा परमेश्वराची होती. म्हणजे "देवाने सांगितलं नव्हतं" हे मेसेज लिहिणाऱ्याचं मत झालं, बायबलचं नाही.

आता "यज्ञ मुख्य, गाणं नुसतं टाइमपास". त्याच अध्यायात आहे की होमार्पण सुरू झालं तसं गाणं आणि कर्णे सुरू झाले आणि होमार्पण संपेपर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्या, म्हणजे बाबेलच्या बंदिवासानंतर पुन्हा बांधलेल्या, मंदिराबद्दल तर मिश्नामध्ये (यहुदी रब्बींचं संकलन, साधारण इ.स. २०० च्या सुमाराचं) रोजचा क्रमच दिलाय. याजक द्राक्षारस ओतायला वाकला की त्याचा सहायक फडकं हलवायचा, ते बघून बेन अर्झा नावाचा माणूस झांज वाजवायचा, की लेवी सुरू. गाणं जिथे थांबेल तिथे कर्णे वाजायचे आणि कर्णे वाजले की लोक दंडवत घालायचे. आणि गायचं काय तेही ठरलेलं, रविवारी स्तोत्र २४, सोमवारी ४८, मंगळवारी ८२, बुधवारी ९४, गुरुवारी ८१, शुक्रवारी ९३, शब्बाथला (शनिवारी) ९२. स्तोत्र ९२ च्या डोक्यावर शब्बाथाचं गीत असं आजही छापलेलं असतं, आपण ते वाचत नाही एवढंच.

प्रॅक्टिसचं म्हणाल तर १ इतिहास २५ मध्ये शिकून तयार झालेले २८८ गवई आहेत, आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या हाताखाली, १२-१२ चे २४ गट, पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या, गुरू आणि शिष्य एकाच रांगेत. बरं, १ आणि २ इतिहास ही पुस्तकं बंदिवासानंतरची, दाविदानंतर काही शतकांनी लिहिलेली, त्यामुळे सगळे आकडे दाविदाच्याच काळचे असं मीही छातीठोक म्हणणार नाही, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर गवई म्हणजे शिकलेला माणूस होता हे तर दिसतंच. शिवाय ५५ स्तोत्रांच्या वर "मुख्य गवयासाठी" असं आहे, मनात येईल तसं गाणाऱ्यांना मुख्य गवई कशाला लागतो?

(जाता जाता, "वीणा" वाचून वारकऱ्याच्या खांद्यावरची वीणा डोळ्यासमोर आणू नका. मूळ हिब्रूतलं किन्नोर म्हणजे चौकटीत ताणलेले तंतू, ना पडदे ना लांब दांडी. बार कोख्बाच्या, म्हणजे रोमनांविरुद्धच्या यहुदी बंडातल्या, म्हणजे इ.स. १३२ ते १३५ मधल्या नाण्यांवर असं वाद्य कोरलेलं आहे.)

आमोस ५:२३ बरोबर दिलंय, तुमच्या गीतांचा गोंगाट दूर करा वगैरे. पण आधीची दोन वचनं कुठे गेली? तिथे सण नकोत, होमार्पणंही नकोत असं म्हटलंय. गरिबाला पायाखाली तुडवून केलेली सगळीच उपासना देवाला नकोय. मेसेजवाल्याने यज्ञ ठेवला आणि गाणं तेवढं कापलं, ही कात्री आमोसची नाही.

सिनॅगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनास्थळात) वाद्यं नसतात हाही पुरावा म्हणून दिलाय, पण हे सगळ्याच सिनॅगॉगना लागू नाही. जिथे नसतात तिथे ते इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं त्याच्या शोकातून आलं असं परंपरा सांगते. आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी लोकांनी १९ व्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केलीच की.

राहिला पगार. १ इतिहास ९ म्हणतं गवई मंदिराच्या खोल्यांत राहायचे आणि त्यांना दुसरं काम नसायचं कारण रात्रंदिवस हेच काम. नहेम्या ११ मध्ये त्यांना रोज काय द्यायचं याचा राजाचा हुकूम आहे. आणि अध्याय १३ मध्ये नहेम्या (यहूदाचा राज्यपाल) यरुशलेमला परत येऊन बघतो तर लेव्यांचा आणि गवयांचा वाटा कोणी दिलेलाच नाही, सगळे आपापल्या शेतावर निघून गेलेत. तो झापतो अधिकाऱ्यांना, गवयांना नाही.