‘जाड इपॉक्सीचा एक थर द्या, ल्युअर कायमचं वॉटरप्रूफ’: या सल्ल्यात काय चुकतं

घरी लाकडाची ल्युअर, म्हणजे मासे पकडायची नकली आमिषं, बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: रंग वाळला की वरून इपॉक्सीचा (रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग कालवले की कडक होणाऱ्या द्रवाचा) एक जाड थर द्या, हार्डनर जरा जास्त घाला म्हणजे लवकर सुकेल, इपॉक्सी नसेल तर फेविक्विक, नेलपॉलिश किंवा फर्निचरचं कुठलंही पॉलिश चालतं, एवढं केलं की ल्युअर कायमचं वॉटरप्रूफ. यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून ते पटतं. जिताडा, तांबोशी अशा माशांसाठी खाडीत फेकलेलं ल्युअर दगडांवर आणि कालवांवर आपटणारच. नवशिक्याने खपून कोरलेलं, रंगवलेलं ल्युअर दुसऱ्याच वेळी फुगून उकललं, तर तो पुन्हा लाकूड हातात धरत नाही. एकेक मुद्दा सुटा करून बघू.

‘वरचा थर पाणी अडवतो.’ थर अडवतोच, पण पाणी थरातून येत नाही. ते येतं स्क्रू आयच्या (गळ आणि दोरी अडकवायच्या आट्यांच्या कडीच्या) भोकातून, लिपच्या (तोंडाशी बसवलेल्या पारदर्शक पट्टीच्या) खाचेतून आणि ट्रेबल हुकच्या, म्हणजे तीन टोकांच्या गळाच्या, टोकांनी पोटावर घासून काढलेल्या कमानीसारख्या ओरखड्यांतून. आत शिरलेलं पाणी लाकडाच्या रेषेला आडवं फुगवतं. रेषेच्या दिशेने लाकूड अगदी ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ०.१ ते ०.२ टक्केच बदलतं, आडव्या दिशेने त्याच्या कितीतरी पट. म्हणून अशा ल्युअरची चीर नेहमी लांबीच्या दिशेने धावते. नीट पाहिलंत तर ती पोटाखालच्या स्क्रू आयपाशी केसाएवढी सुरू झालेली दिसते आणि तिच्या भोवतीचा रंग थोडा काळपट पडलेला असतो. वरचा थर कितीही जाड असला तरी आतून फुगणाऱ्या लाकडाला तो दाबून धरू शकत नाही.

म्हणजे पाण्याचा बंदोबस्त रंगाआधी करायचा. सगळी भोकं आणि लिपची खाच आधी पाडून घ्या, २२० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. लाकूड कोरडं आहे का, हे हाताला कळत नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत किंवा त्याहून बारीक मोजणारा छोटा वजनकाटा घ्या आणि रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. मग ते तासभर उन्हात किंवा दिव्याखाली कोमट होऊ द्या, सावलीत आणा आणि लगेच पातळ, हळू सुकणाऱ्या इपॉक्सीचा हात द्या. लाकूड थंड होताना त्यातली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढली जाते. उलट, सकाळी थंड लाकडाला थर देऊन दिवस तापू दिलात तर आतली हवा पसरून बाहेर येते आणि थरात टाचणीएवढे बुडबुडे उठतात. बुडबुड्यांचं खापर बहुतेक वेळा ढवळण्यावर फुटतं, पण पुष्कळदा दोष वेळेचा असतो. इपॉक्सी पातळ करायला त्यात थिनर किंवा ॲसिटोन घालू नका. पातळ होईल, पण पाणी अडवण्याची तिची ताकदच कमी होते.

भोकांच्या आत पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेविक्विकसारखा गोंद, दोन-तीन थेंब सोडा. मऊ लाकडात तो चांगला मुरतो आणि भोकाच्या भिंती कडक करतो. शेवटी स्क्रू आय बसवताना तिचे आटे इपॉक्सीत बुडवूनच फिरवा. या एका कृतीने जेवढी ल्युअर वाचतात, तेवढी वरच्या तीन थरांनीही वाचत नाहीत.

‘हार्डनर जास्त घाला, लवकर सुकेल.’ हा गैरसमज बहुधा फायबरग्लासच्या पॉलिएस्टर रेझिनवरून आला असावा. तिथे घालतात तो उत्प्रेरक असतो, त्याचं प्रमाण वाढलं की वेग वाढतो. इपॉक्सीत हार्डनर हा अभिक्रियेतला अर्धा भागीदार आहे. जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही, तो तसाच राहतो आणि थर रबरासारखा मऊ किंवा कायमचा चिकट राहतो.

प्रमाण चुकण्याची दोन नेहमीची कारणं आहेत. पहिलं, अगदी थोडी इपॉक्सी कालवणं. एकेक मिलिलिटर घेताना ०.२ मिलिलिटरची चूक झाली तर ती २० टक्क्यांची चूक असते. १० सेंटिमीटरच्या एका ल्युअरला ३ मिलिलिटर मिश्रण पुरतं, तरी ३ अधिक ३ असं ६ मिलिलिटर कालवा आणि दोन ल्युअर एकदम करा. रेझिनसाठी आणि हार्डनरसाठी सुईशिवायच्या दोन वेगळ्या सिरिंज ठेवा. दुसरं कारण, आकारमानाचं प्रमाण वजनाने मोजणं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. डब्यावर ‘१:१ आकारमानाने’ लिहिलं असेल तर काट्यावर समान वजनं घेतल्यास हार्डनर जास्त पडतो.

दोन ते तीन मिनिटं सावकाश कालवा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, मग सगळं दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. कालवलेली इपॉक्सी खोल भांड्यात राहिली तर स्वतःच्या उष्णतेने झटपट आवळते. ॲल्युमिनियम फॉइलवर पसरली तर हाताशी जास्त वेळ मिळतो. ५ मिनिटांत आवळणारी इपॉक्सी या कामाला घेऊ नका. ती सपाट व्हायच्या आत घट्ट होते आणि लवकर पिवळी पडते.

‘जाड थर म्हणजे मजबूत थर.’ इथे आकडेच बघा. १० सेंटिमीटर लांब आणि पोटाशी २ सेंटिमीटर जाड ल्युअरचं पृष्ठफळ साधारण ५५ चौरस सेंटिमीटर असतं. ०.३ मिलिमीटरचा थर म्हणजे जवळपास २ ग्रॅम. तोच १ मिलिमीटर केलात तर ६ ग्रॅमच्या वर जातो, आणि बाल्सा या अगदी हलक्या लाकडाचा नुसता गाभा ३-४ ग्रॅमचा असतो! ल्युअर यामुळे बुडत नाही, कारण इपॉक्सी पाण्यापेक्षा थोडीशीच जड आहे. मरते ती त्याची चाल. सगळं वजन कातडीवर गेलं की कडेकडेने डुलणारं ल्युअर आळशी होतं. पॉपरच्या, म्हणजे पृष्ठभागावर पाणी उडवत चालणाऱ्या ल्युअरच्या, तोंडाची धार गोल होते आणि पाणी उडत नाही. हे नुकसान डब्यात ठेवलेल्या ल्युअरकडे बघून कळत नाही.

दोन पातळ थर द्या, मध्ये २४ तास ठेवा आणि ३२० नंबरने चकाकी मोडा. थर एका बाजूला ओघळू नये म्हणून ल्युअर फिरतं ठेवायला मायक्रोवेव्हच्या तबकडीची सिंक्रोनस मोटर उत्तम. मिनिटाला ५-६ फेरे पुरतात. मोटर २३० व्होल्टची आहे ना, ते आधी वाचा, काही २१ व्होल्टच्याही असतात. कोकणातल्या पावसाळी हवेत पहिल्या थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा येऊ शकतो. तो पाण्यात विरघळतो. घासण्याआधी साध्या पाण्याने आणि स्वयंपाकघरातल्या घासणीने धुवून काढा; तसाच ठेवलात तर दुसरा थर सालीसारखा सुटून येतो. बोटांचा तेलकटपणा राहिला तर थरात गोल खळगे पडतात, म्हणून रंगवलेलं ल्युअर लिपच्या खाचेत काडी अडकवून धरावं. पॉलिकार्बोनेटची लिप नंतर बसवा आणि ती थिनरने किंवा ॲसिटोनने कधीच पुसू नका, तिच्यात बारीक तडे जातात.

‘नेलपॉलिश, फेविक्विक, फर्निचरचं पॉलिश, काहीही चालतं.’ नेलपॉलिशच्या बाजूने एक दाखला देतात: फिनलंडमध्ये लाउरी रापालाने १९३६ मध्ये बुचावर (कॉर्कवर) चॉकलेटचा वर्ख आणि वर, नेलपॉलिशसारखाच, वितळवलेल्या फोटो निगेटिव्हचा पातळ थर देऊन ल्युअर केलं होतं. ते खरं आहे. पण तेव्हा आजच्यासारखी इपॉक्सी बाजारात नव्हती, आणि नेलपॉलिशचा पातळ, कडक थर गळाच्या पहिल्याच घासण्याला उडतो. त्यातलं द्रावक खालचा रंगही ओढतं. फेविक्विकचा पूर्ण थर ठिसूळ असतो आणि दमट हवेत पांढरा पडतो. त्याची जागा भोकात.

फर्निचरच्या पॉलिशांत फरक करायलाच हवा. लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं होतं. मेलामाइन घरातल्या फर्निचरसाठी आहे. बाहेरच्या वापराचं दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) मात्र खरोखर चांगलं, इपॉक्सीपेक्षा उन्हाला जास्त टिकणारं. इपॉक्सीचे दोन थर आणि वर पीयूचा एक पातळ थर, ही पांढऱ्या पोटाच्या ल्युअरसाठी आम्हाला सर्वांत भरवशाची जोडी वाटते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. म्हणून पीयू ब्रशनेच लावा, उघड्यावर लावा आणि सेंद्रिय वाफांसाठीचा काडतूसवाला मास्क घाला. कापडी मास्क इथे निरुपयोगी. इपॉक्सीसाठी नायट्राइल हातमोजे घाला, कारण न सुकलेल्या इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही.

‘कायमचं वॉटरप्रूफ.’ असं कोणतंच ल्युअर नसतं. घरच्या तापमानाला सुकलेली इपॉक्सी साधारण ५०-६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. मऊ प्लॅस्टिकची आमिषं त्याच डब्यात ठेवली तर त्यांतलं तेल रंग आणि लॅकर चिकट करतं.

पहिल्या वापराआधी ७ दिवस थांबा. मग वजन करा, हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ल्युअर बुडवून धरा आणि स्क्रू आयकडे बघा. आतली हवा तापून पसरते आणि गळती असेल तिथून बुडबुड्यांची माळ निघते. नंतर साध्या पाण्यात २४ तास ठेवून, पुसून, पुन्हा वजन करा. ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर ते पाणी पितं आहे. अशा ल्युअरवर लगेच नवा थर देऊ नका, पाणी आतच कोंडेल. स्क्रू आय काढा, मूळ वजन परत येईपर्यंत सावलीत वाळवा, भोकात गोंद सोडा, चीर ३२० नंबरने घासून उघडा आणि तेवढ्याच जागेवर इपॉक्सी भरा.